चुकीच्या माळा ओवणारे शेषेरावकाका

शेषेरावकाका बैलांच्या माळा ओवतात, आणि त्या मुद्दाम चुकवतात. मग ती चुकलेली माळ बैलाच्या गळ्यात घालून चारी बाजूंनी बघतात आणि म्हणतात, "बिघडलं का न्हाई?"

दुष्काळात सहकारी कारखान्याने कडा गावाबाहेर चारा छावणी उघडली. तिथे आमच्या गाईशेजारी काकांची बैलजोडी असते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून काका मला 'सायन्स' म्हणतात. एकदा मी भीतभीत सांगितलं, शरीरातली प्रथिनं अशाच माळा असतात. कुठला मणी कधी ओवायचा, ते जनुकात तीन-तीन अक्षरांच्या खुणांनी ठरलेलं असतं. खूण बदलली की कधी मणीही बदलतो.

काका एकदम गंभीर झाले. त्यांची लेक सुमी जन्मापासून पांढरीफटक आहे, केस, पापण्यासुद्धा. पोटुशी असताना कौसाकाकूंनी गिरानात, म्हणजे ग्रहण लागलेलं असताना, उसावर कोयता चालवला, त्याचं हे फळ, असं सगळे म्हणतात. काकूही तेच धरून बसल्यात.

"थांब सायन्स. ओवूनच बघू."

काकांनी अक्षरांच्या जागी बिया मांडल्या. तीन बियांची खूण, तिचा एक मणी. एक बी बदलली, तरी मणी तोच आला. "ही चूक चांगली हाय," काका म्हणाले. दुसरी बदलली, तर लालच्या जागी निळा. तिसऱ्या वेळी 'इथं थांबा' अशी खूण मधेच आली आणि माळ अर्ध्यातच संपली. शेवटी एक बी काढूनच टाकली. पुढच्या सगळ्या खुणा सरकल्या, मणी भलतेच.

"एका बीनं एवढं?"

पलीकडून दगडूतात्या ओरडले, "शेष्या, बैलाला कालिजात घालतो का बे?"

काकांनी ऐकलंच नाही. मला हाताला धरून घरी नेलं आणि काकूंसमोर बसवलं. "सांग हिला. सुमीची माळ कुठं चुकली?"

मला नीट सांगता येईल का, ही धास्ती होती. म्हणालो, "काकू, रंग तयार करणारं एक प्रथिन असतं. त्याच्या खुणांची एक ओळ आईकडून येते, एक बापाकडून. दोन्ही बिघडलेल्या आल्या की रंग होत नाही. हे पोटात गर्भ राहतानाच ठरतं."

"मंग कोयत्यानं न्हाई?"

"नाही."

"ह्यांच्याकडनंबी आलं?"

"आर्धं माझं!" काका मांडी थोपटून म्हणाले, वाटणीत जमीन मिळाल्यासारखे.

काकूंनी पदराचं टोक पिळलं. मग हळूच म्हणाल्या, "एवढी वर्सं मी एकलीच..." काकांनी उठून त्यांना पाण्याचा तांब्या दिला.

दुसऱ्या दिवशी छावणीत चारा घ्यायच्या आधी काका रांगेतल्या प्रत्येकापाशी थांबत होते. तव्यासारखा काळाकुळकुळीत चेहरा, आणि आवाज मात्र खणखणीत.

"दगडू, ऐकलं का? सुमी माझ्यावर गेलीय."