पहिले रिकामा पाह्य

बाबाराव पाहुण्याच्या हातात आधी रिकामा कप देतो. किटलीत चहा वाफाळत असतो, पाहुणा सवयीने कपात फुंकर मारतो, आणि बाबाराव ओरडतो, "थांब! पहिले रिकामा पाह्य."

तो माझ्या वर्गातला. पुढे ड्रॉइंग मास्तर झाला. निवृत्तीनंतर त्याने कुठेतरी चिनी चित्रं पाहिली. कागदभर पांढरं आणि कोपऱ्यात एक बांबू. तेव्हापासून बिघडला. आमच्या नेरमध्ये चिनी माती म्हणजे लोणच्याची बरणी. याने विजेची भट्टी आणली. ती लागली की गल्लीतले पंखे रेंगाळतात. पांढरीशुभ्र माती पोत्यांतून आली, तेव्हा शेजारच्या शांताकाकूंनी मैदा समजून पातेलंभर उसनी नेली. शंकरपाळे कढईत टणटण वाजायला लागले, तशा भांडायला आल्या.

बाबाराव खूश. "काकू, भट्टीत टाकू काय? नातवाच्या नातवापर्यंत टिकतीन!"

कप मात्र इतके पातळ, की उन्हात धरले तर पलीकडची बोटं दिसावीत. आत तळाशी निळ्या रंगात काहीतरी चिनी खरडलेलं.

"कप कायचा असते?" त्याने मला विचारलं.

"मातीचा."

"चूक. मधल्या रिकाम्या जागेचा असते. माती नुसतं कुंपण हाय. चिनी लोकाईले हे कवाचंच समजलं."

"अन् माह्या चहाचं काय?"

"पहिले रिकामा पाह्य ना, लेका!"

माझी कापसाची गाडी बाजारात उभी होती. मी कप ठेवून उठलो आणि पानठेल्यावर सांगितलं, "बाबाराव रिकामा कप पाजते, अन् वरून म्हणते चीनचा हाय!" ठेलेवाला गजानन हसून हसून चुना सांडता झाला. मग गोष्ट माझ्या हातात राहिली नाही. बाबारावचे 'रिकामे मास्तर' झाले आणि त्याच्याकडे चहाला जायचं लोकांनी सोडलं. नेरमध्ये आजही सांगतात ती गोष्ट अर्धी आहे, कारण ती अर्ध्यातून उठलेल्या माणसाने सांगितली. उरलेली अर्धी ही.

परवा मी गेलो. बाबाराव एकटाच ओट्यावर. फळीवर कप पालथे, पुसून लख्ख. त्याने न शोधता एक उचलला.

"काहून आला नाही इतके दिवस?" उत्तराची वाट न पाहता कप हातात दिला. "पहिले रिकामा पाह्य."

या वेळी पाहिला. निळी अक्षरं एकाखाली एक. वा. म. न.

"हे तं माह्यं नाव हाय!"

"मंग? चिनी लोक उभं लिवतात, म्हून म्या उभं लिवलं."

मी फळीवरचे कप सुलटे करत गेलो. शांता. गजानन. पानठेल्यावर हसलेला एकेक जण तिथे होता.

"चहा वतला की नाव बुडते," बाबाराव म्हणाला आणि त्याने किटली उचलली.

"थांब," मी म्हटलं. "अजून पाह्यचा हाय."