वेंकण्णांची भवानी

आमच्या मल्लेश्वरममध्ये एक वेबसाइट होती. ती दुपारी एक ते चार बंद असायची.

हसू नका. मी या डोळ्यांनी पाहिलंय. पडद्यावर पाटीच यायची : 'जेवणाची सुट्टी. चारनंतर यावे.' मंगळवारी तर दिवसभर बंद. मालक आमचे शेजारी वेंकोबाराव, अख्ख्या गल्लीचे वेंकण्णा. पिढ्यानपिढ्या बेंगळुरात मुरलेला मराठी माणूस.

"अहो काका, वेबसाइट बंद नसते ठेवायची!" मीनल कपाळावर हात मारायची. मीनल आमच्या माडीवरची भाडेकरू, पुण्याची, कॉम्प्युटरवाली. हे दुकान तिनेच मांडून दिलं होतं. तेव्हा इंटरनेट नवं नवं होतं. ते लागलं की घरचा फोन मुका व्हायचा. "आणि गिऱ्हाईक येणार अमेरिकेतून, तिथे तेव्हा रात्र असते. लोक झोपलेले असतात, मग ही पाटी कुणासाठी?"

"मग सरीच झालं की, मीनलम्मा. त्यांची झोप, माझं जेवण. बिघडलं कुणाचं?"

वेंकण्णांचं पहिलं दुकान आठव्या क्रॉसला, म्हणजे आठव्या आडव्या रस्त्याला, होतं. स्टीलच्या भांड्यांचं. तिथे नाव घातल्याशिवाय भांडं मिळत नसे. तुम्ही काहीही उचला, वेंकण्णा नाव घालायचं मशीन हातात घेऊन आधी कानडीत 'बरं' म्हणणार आणि मग विचारणार, "सरी, पण नाव कुणाचं?" एकदा मी न्हाणीघरासाठी बादली घ्यायला गेलो.

"अण्णा, बादलीला कसलं नाव?"

"का रे दत्तू, ती काय अनाथ आहे?"

मी चिडून सासऱ्यांचं नाव सांगितलं. त्यांनी ते सुबक अक्षरात घातलं, आधी तीर्थरूपांचं 'ती.' लावून. पुढच्या सुट्टीत सासरे आमच्याकडे अंघोळीला बसले, आणि त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गल्ल्यावर सरसूअक्का बसायच्या. वेंकण्णांच्या पत्नी. त्यांचा एकच कायदा होता : दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक, म्हणजे भवानीचं, रिकाम्या हाताने परत जाता कामा नये. सकाळी कुणी नुसता पत्ता विचारायला आला, तरी चमचा घेऊन जायचा. अक्कांच्या डोक्यावरच्या फळीवर, अगदी दर्शनी जागी, एक कॉफीचा फिल्टर असे. त्याच्या पोटावर 'सरस्वती'. वेंकण्णांनी आयुष्यात घातलेलं पहिलं नाव. शटर उघडलं की अक्का त्यात दिवसाची पहिली कॉफी गाळायच्या. तो विक्रीला नव्हता. तसं लिहिलेलं कुठे नव्हतं, पण सगळ्या मल्लेश्वरमला ठाऊक होतं.

मग समोर काचेच्या दारांचं मोठं दुकान आलं. नावासाठी थांबायला लोकांना सवड उरली नाही. त्यात अक्का चार दिवसांच्या तापाने गेल्या. वेंकण्णांनी दुकान कायमचं वाढवलं आणि उरलेली भांडी घरी आणून रचली.

सगळ्यांना वाटलं, संपला माणूस. तर हे कॉम्प्युटर घेऊन आले! रोज सकाळी त्याच्यापुढे पाणी शिंपडायचे, मोडेमला कुंकू लावायचे. मोडेम किंचाळला की म्हणायचे, "शुभकार्यात लेकरू रडलं तर चालतं." मग खुर्ची ओढून बसायचे. गिऱ्हाईक मात्र फिरकत नव्हतं. संध्याकाळी कुंपणावरून आवाज यायचा, "भवानी नाही रे अजून, दत्तू." एकदा हसत हसत म्हणाले, "एक दुकान बुडताना सरसूने पाहिलं. दुसरंही बुडालं तर वर जाऊन काय तोंड दाखवू?" मीही हसलो. हसायला नको होतं, हे त्यांचा चेहरा पाहिल्यावर कळलं.

आणि एका सकाळी ते ओरडले, "दत्तू! आली! आली!"

मी तसाच लुंगीवर धावलो. मीनल ई-मेल वाचत होती. अमेरिकेतल्या कुणा बाईंचा होता, माहेर बेंगळूरचं. 'पहिल्या चित्रातला फिल्टर हवा. अगदी हाच. माझ्या आईकडे असाच होता.'

वेंकण्णांचे जोडलेले हात तसेच राहिले.

दुकानात जे दर्शनी असे, तेच त्यांनी सवयीने वेबसाइटवरही सगळ्यात वर मांडलं होतं. पण तो विक्रीला नाही हे न सांगता ठाऊक असलेलं मल्लेश्वरम इथे नव्हतं.

"काका, सेम टू सेम दुसरा पाठवू या ना," मीनल म्हणाली. "तिला कुठे कळणार?"

"दाखवायचं एक, द्यायचं एक? तसं जमलं असतं तर पहिलं दुकान नसतं बुडालं."

"मग नाही म्हणून कळवते."

"भवानीला? नाही?" त्यांनी चपापून अक्कांच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. "हळू बोल गं. ऐकेल ती."

मग वेंकण्णा आत जाऊन फिल्टर घेऊन आले, धोतराच्या सोग्याने पुसला आणि म्हणाले, "सरी. विचार त्या बाईंना, नाव कुणाचं?"

उत्तर आलं, आईचं. सुमन. मला वाटलं, आता जुनं नाव घासून काढतील. नाही काढलं. 'सरस्वती'च्या खाली, तितक्याच मोठ्या अक्षरात, 'सुमन' घातलं.

"भांडतील की दोघी, अण्णा," मी आपलं काहीतरी बोललो.

"भांडू देत. सोबत होईल." ते फुंकर मारून स्टीलचा कीस उडवत होते. "'म्हैसूरच्या पुढे कधी नेलं नाहीत मला,' म्हणायची. जा म्हणावं आता. विमानाने."

पार्सल गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कॉफी दिली. फडक्यातून गाळलेली.

"स्वल्प गाळ आलाय काय रे?"

"छे," मी म्हणालो, आणि गाळासकट संपवली.

इतक्यात मीनल आली. "काका, तो फिल्टर तर गेला. फोटो काढून टाकू ना?"

"नको. राहू दे वरच, जागेवर." वेंकण्णांनी चष्मा पुसला. "त्याच्या खाली फक्त एवढं लिही, मीनलम्मा. हा विक्रीला नाही."