परत केलेला पाना

आत्माराम पडवळने आयुष्यात मागून आणलेली वस्तू एकदाच वेळेवर परत केली, आणि त्या एका सत्कृत्यापायी वटार गावातलं एक लग्न खोळंबायची वेळ आली.

आत्माराम सातिवलीला खोक्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. तिथे कामगाराने साधा स्क्रूड्रायव्हर नेला तरी रजिस्टरात सही घ्यायची आणि पाचच्या आत तो परत आणायला लावायचा, असा त्याचा कडक कारभार. घरी मात्र शेजारच्या मार्सेलची शिडी, सायकलचा पंप आणि नारळ सोलायची सुळी त्याच्या पडवीत इतकी वर्षं मुक्कामाला होती, की रेशनकार्डावर त्यांची नावं चढवायची तेवढी बाकी होती.

२००१ च्या जानेवारीत मार्सेलच्या थोरल्या मुलीचं, ज्युलीचं, लग्न ठरलं. नवरीला चर्चमध्ये न्यायला मार्सेलने वांद्र्याच्या मेहुण्याची गाडी सांगून ठेवली होती. हे कळताच आत्माराम कुंपणापाशी जाऊन उभा राहिला.

"मार्सेलभाऊ, शेजारी गाडी असताना वांद्र्याहून मागवायची? ज्युली काय आम्हाला परकी आहे?"

मार्सेल भिडस्त माणूस. त्याने मेहुण्याला नको म्हणून कळवलं. (भिडेपोटी माणूस काय काय गमावतो!)

आत्मारामची गाडी म्हणजे तीन महिन्यांपूर्वी घेतलेली एक सेकंडहँड पांढरी मोटार. नवरी बसणार म्हटल्यावर गाडीला नटवायला हवं होतं. नवरीसाठी पंखा हवा, टेप हवा, पुढे पिवळे फॉग लॅम्प, काचेभोवती गुलाबी दिव्यांची माळ, शिवाय तीन सुरांचा हॉर्न. एवढ्या सगळ्या वायरी लावायला बॅटरीच्या जुन्या, बुरा चढलेल्या टर्मिनलवर जागाच नव्हती. म्हणून तो तुळिंजला शत्रुघ्नच्या दुकानात गेला. शत्रुघ्नने पितळी टर्मिनलांची नवी जोडी काढली. जादा वायरी लावायला तिच्यावर वेगळे बोल्ट होते.

"साहेब, हे बॅटरीवर बसवायचं आणि बाजूचा नट पान्याने गच्च आवळायचा. मेन काम तेच. मध्ये फ्यूजपण टाकायला लागेल. गाडी घेऊन या ना, अर्ध्या तासात करून देतो."

"काही गरज नाही," आत्माराम म्हणाला. "दिवसभर मशिनांमध्येच असतो मी." (म्हणजे मशिनं एका बाजूला, कॅन्टीन दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये आत्माराम.)

हे काम त्याने मुहूर्त साधून लग्नाच्याच सकाळी काढलं. मार्सेलकडे मांडवाची धांदल चाललेली असताना हा तिथे जाऊन दहा नंबरचा पाना मागून आला. एक टर्मिनल बसवून आवळलं. दुसरं बसवलं, त्याचा नट बोटांनी फिरवला, आणि पाना लावणार इतक्यात पडवीतून बायकोचा, विनयाचा, आवाज आला.

"अहो, आज त्यांच्याकडे कार्य आहे. आज तरी त्यांची वस्तू त्यांच्या घरी जाऊ दे!"

"म्हणजे? मी काय वस्तू ढापतो?"

"छे हो. तुम्ही सांभाळता. या शिडीला पुढच्या महिन्यात चार वर्षं होतील."

हे वर्मी लागलं. आत्माराम तस्सा उठला, तरातरा मांडवात गेला आणि पाहुण्यांच्या देखत म्हणाला, "घ्या मार्सेलभाऊ, तुमचा पाना. नंतर म्हणू नका पडवळ परत करत नाही."

मार्सेलने पान्याकडे पाहिलं, आत्मारामकडे पाहिलं आणि नकळत कपाळाला हात लावून क्रूसाची खूण केली.

परत येऊन आत्मारामने बटणं दाबली. पंखा फिरला, दिवे लागले, टेपवर सनई सुरू झाली. त्या आनंदात बोटांनी फिरवलेला नट आवळायचा राहिला, तो राहिलाच.

चर्चमधली लग्नाची प्रार्थना, मिस्सा, चारची होती. पाचला दुसरं लग्न असल्यामुळे फादरनी बजावलं होतं, की चार म्हणजे चार. साडेतीनला वरात निघाली. पुढे बेसिलचा बँड, मागे गाडी, गाडीमागे मार्सेल आणि पाहुणे. मागच्या सीटवर पांढऱ्या झग्यात ज्युली आणि तिची हेलनआत्या, पुढे आत्माराम आणि विनया. बँड वॉल्ट्झ वाजवत होता, गाडीत सनई. थोड्या वेळाने बेसिल क्लॅरिनेट काढून मागे वळला.

"पडवळ, ती टेप बंद करा हो! आमची पोरं तुमच्या सनईवर चालायला लागली!"

आत्मारामने उत्तरादाखल तीन सुरांचा हॉर्न वाजवला. एवढ्यात गतिरोधक आला. गाडी धाडकन आदळली. सनई थांबली, दिवे गेले, पंखा थांबला आणि इंजिनही गप्प झालं. वीस पावलं पुढे गेल्यावर बँडलाही कळलं, की मागे कोणी नाही.

आत्मारामने बॉनेट उघडलं. भोवती माणसं जमली. कोणी म्हणालं पेट्रोल, कोणी म्हणालं प्लग.

"बॅटरी बघा की," मार्सेल म्हणाला.

"ती सोडून बोला. टर्मिनल मी स्वतः बसवलीत." आत्मारामने बॅटरी सोडून सगळं बघितलं. पाणी बघितलं, तेल बघितलं, पंख्याचा पट्टा ओढून बघितला. "पाना आहे का कोणाकडे?"

"होता," मार्सेल शांतपणे म्हणाला. "सकाळीच परत आला. घरी आहे."

चारला दहा कमी होते. ज्युलीचे डोळे भरून आले. मांडीवरचा गुच्छ ती बोटांनी कुरतडायला लागली. आत्माराम गोरामोरा झाला. त्याला खरंच वाईट वाटलं. ही पोर त्याच्या डोळ्यांदेखत मोठी झाली होती. "ज्युली, पाचच मिनिटं," तो म्हणाला, पण पाच मिनिटांत काय करणार, हे त्याला ठाऊक नव्हतं.

तेव्हा हेलनआत्याने दार उघडलं.

"उतर गो ज्युली. माझ्या लग्नाला मी काय गाडीतून गेले होते? ह्याच रस्त्याने चालत गेले, वाजंत्री पुढे घेऊन. चल!"

तिने झग्याचा घोळ उचलून धरला. ज्युली डोळे पुसत उतरली आणि दहा पावलांत हसायला लागली. बेसिलला चेव आला. सनईचा उपद्रव नसल्यामुळे बँड प्रथमच सुरात वाजला. बायका घरांतून बाहेर येऊन नवरी बघायला लागल्या. विनयाही उतरली.

"तू कुठे निघालीस?"

"लग्नाला. आमंत्रण मला आहे, गाडीला नाही."

चारच्या ठोक्याला नवरी चर्चच्या दारात होती. आत्माराम मात्र उघड्या बॉनेटपाशी, सुटाबुटात, पहारा देत उभा राहिला. सहाला बेसिल परतताना थांबला. त्याने आत डोकावून पाहिलं, निखळून बाजूला पडलेलं टर्मिनल उचललं आणि अंगठ्याने जागेवर दाबलं. पंखा, दिवे, सनई, सगळं एकदम सुरू झालं.

"नट आवळला नव्हता काय?"

"आवळणारच होतो," आत्माराम पुटपुटला. "पण पाना परत द्यायचा होता ना."

ही गोष्ट गाडीच्या आधी मांडवात पोचली.

दुसऱ्या दिवशी मार्सेल घरी आला. लग्नाच्या केकचा डबा त्याने विनयाच्या हातात दिला आणि आत्मारामच्या हातात पांढऱ्या रिबनमध्ये बांधलेला दहा नंबरचा पाना.

"आत्मारामभाऊ, हा तुमच्याकडेच राहू द्या. कृपा करून परत करू नका. आणि धाकटीचं लग्न मे महिन्यात आहे. त्याला चालतच या."

रिबनची गाठ मार्सेलने स्वतः मारली होती. ती इतकी गच्च होती, की सोडवायला आत्मारामला त्याच्याचकडून कात्री मागून आणावी लागली. ती अजून पडवीत आहे.