पहिल्याच प्रश्नात निकाली निघालेला पलंग

माणसाची गरज किती, हे माणसाला कळत नाही. ते आलेखावरून कळतं. स्कॉटलंडातल्या ड्रमकार्डी नगर परिषदेच्या आलेखानुसार गावातली गरज तीन वर्षांत झपाट्याने ओसरली आहे. तातडीच्या मदतीचे अर्ज (वीज संपली, पोट रिकामं) चौतीस टक्क्यांनी घटले. घर चालतं राहावं म्हणून मिळणाऱ्या मदतीचे अर्ज (पलंग, शेगडी, फ्रीज, गालिचा) तर एकेचाळीस टक्क्यांनी घटले. गाव तेच आहे. गावाला पोसणारा, बंद पडलेला कारखानाही अजून बंदच आहे.

याचं श्रेय एका साध्या सुधारणेला जातं. पूर्वी सव्वीस पानी छापील अर्ज असे. आता सगळं फोनवर होतं. कर्मचाऱ्यांना सौजन्याचं प्रशिक्षण दिलं गेलं आणि पहिला प्रश्न ठरला, "कसे आहात?" या प्रश्नाला तिकडे एकच उत्तर असतं: "तसं वाईट नाही." पाय मोडलेला माणूससुद्धा स्ट्रेचरवरून हेच सांगतो. परिषद अर्जदाराचा शब्द मानते, त्यामुळे उत्तर जसंच्या तसं नोंदवलं जातं. ज्याचं वाईट नाही, त्याला मदत कशाला? (एकाच अर्जदाराने "फार हाल आहेत" असं सांगितलं. त्याला लगेच मंजुरी मिळाली. मागाहून कळलं, तो मूळचा इंग्लंडचा.)

फर्गस गिलफिलनला पलंग हवा होता. त्याची बायको इशबेल आजारी पडली तेव्हा रुग्णालयाची खाट घरात आली. त्या खाटेला जागा व्हावी म्हणून जुना जोडपलंग कुणा गरजवंताला देऊन टाकला. तसं इशबेलनेच सांगितलं होतं. तिचा दफनविधी झाला आणि तिसऱ्या दिवशी रुग्णालयाने खाट परत नेली (या खात्याची तत्परता वाखाणण्याजोगी आहे). तेव्हापासून अकरा आठवडे फर्गस खिडकीजवळच्या खुर्चीत झोपत होता. पाय सुजून बुटांत जाईनासे झाले होते.

त्याने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा फोन धरून सत्तेचाळीस मिनिटं बॅगपाइपची धून ऐकली आणि दोन्ही वेळा अर्ज पहिल्याच प्रश्नात निकाली निघाला.

शेजारची सेंगा भडकली. "अरे मेल्या, फोनवरच्या बाईने विचारलं की म्हण ना, मी बरा नाही! तोंडात काय बटाटा धरतोस?"

"बरं नाही दिसत गं ते."

"आणि ते हत्तीसारखे पाय बरे दिसतात?"

खरी अडचण वेगळी होती. चाळीस वर्षं कुणी "कसे आहात?" विचारलं की फर्गस "वाईट नाही" म्हणायचा आणि मागून इशबेल ओरडायची, "ऐकू नका त्याचं, रात्रभर खोकत होता!" कारभार असा दोघांत वाटलेला होता. आता त्याचं म्हणणं खोडायला घरात कुणी नव्हतं.

तिसऱ्या फोनआधी त्याने किटलीसमोर उभं राहून सराव केला. मी बरा नाही. मी बरा नाही. किटलीला पटलं.

"मिस्टर गिलफिलन, कसे आहात?" परिषदेच्या मिस रेनीने विचारलं. आवाज फार मायेचा होता. आता खरं बोललो तर रडू फुटेल, हे त्याला कळलं. परक्या बाईसमोर रडायचं म्हणजे काय!

"तसं वाईट नाही," तो म्हणाला. "तुम्ही?"

"चाललंय. तक्रार नाही." (त्याच आठवड्यात तिची नोकरी जाणार होती. अर्ज घटले होते.)

"खोटं बोलतोय तो!" बाजूला बसलेली सेंगा फोनवर वाकून ओरडली. "खुर्चीत झोपतो!"

"बाई, तिऱ्हाइताचं म्हणणं नोंदवता येत नाही. पत्नी असती तर चाललं असतं."

"चाळीस वर्षं चाललं," फर्गस म्हणाला आणि त्याने फोन हळूच ठेवला. (नोंद: अर्जदार समाधानी.)

त्या संध्याकाळी परिषदेत उतरत्या आलेखाच्या आकाराचा केक कापला गेला. फर्गस खुर्चीत बसला, सुजलेले पाय त्याने इशबेलच्या स्टुलावर ठेवले आणि दिवा मालवला.

अशा गप्प लोकांचं हसू येणं साहजिक आहे. असो. वाचकहो, तुमचं कसं काय? बरं आहे ना?

छान. नोंद केली.