सुईवर कॉफी चालते का?

परबकाका भेटले की 'कशी आहेस' वगैरे विचारत बसत नाहीत. जिन्यात, भाजीवाल्याकडे, एकदा तर शेजारच्या इमारतीत मयताला जमलो होतो तिथेसुद्धा त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "वर्षा, निष्पक्ष सांग. सुईवर कॉफी चालते का?"

सुई म्हणजे वजन उतरवायचं इंजेक्शन. काकांचे दोन्ही गुडघे गेलेत आणि चारकोपच्या आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी वजन कमी करा, मग ऑपरेशनचं बघू. त्यासाठी वजनाच्या डॉक्टरीणबाईंनी ही सुई लिहून दिली. दर रविवारी काका बनियन वर करून, डोळे मिटून ती पोटात टोचून घेतात.

'निष्पक्ष' हा त्यांचा जुना शब्द. काका बटणं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला होते, पण त्यांची खरी ओळख म्हणजे कबड्डीचे पंच. कांदिवलीपासून दहिसरपर्यंतच्या मैदानांवर त्यांनी शिट्टी वाजवली आहे. मैदान सुटलं, वजन वाढलं, पंचगिरी मात्र राहिली. पोटात मळमळलं की ते 'टाइमआऊट' म्हणतात आणि हात वर करून खुर्चीत डोळे मिटून पडतात. जिन्यात दोन पोरांचं भांडण झालं की काका वरून निकाल देतात. एवढ्या निकालांच्या माणसाला कॉफीचा निकाल मात्र लागत नव्हता.

त्यांनी सगळ्यांना विचारून झालं होतं. केमिस्ट म्हणाला, चालते. काका म्हणाले, "तो कॉफीच्या पुड्यापण विकतो. त्याचं मत बाद." काकांचे भावोजी म्हणाले, बिनसाखरेची चालते. "त्यांना स्वतःला डायबेटिस आहे, बाद." मी म्हटलं, काका, डॉक्टरीणबाईंनाच विचारा ना. तर म्हणाले, "त्या मेन पंच. त्यांच्याकडे एकदम जायचं नसतं."

मला वाटायचं, यांना कॉफी हवी आहे आणि कोणीतरी 'हो' म्हणावं एवढंच पाहिजे आहे. पण 'हो' म्हणणाऱ्यांवर ते नाराजच व्हायचे. खालच्या योगाच्या बाईंनी मात्र सांगितलं, "परबकाका, कॉफी म्हणजे विष." काकांचा चेहरा उजळला. "विष? मग एकदा घरी येऊन बोलाल काय? सुनंदासमोर?"

बाई आल्या. सुनंदाकाकूंनी त्यांच्या हातात कप ठेवला. काकूंची कॉफी म्हणजे आटवलेलं दूध, वर जायफळ. बाईंनी एक घोट घेतला आणि विषाचा विषय काही निघालाच नाही. जाताना त्यांनी काकूंना जायफळ किती घालायचं ते विचारून घेतलं.

सुई सुरू झाल्यापासून काकांची भूकच गेली होती. पूर्वी रविवारी कोंबडी-वडे असायचे आणि काका मोजायचं सोडून खायचे. आता दोन घासांत हात वर. काकूंचा हात मात्र आखडला नाही. त्या तेवढंच करायच्या, काकांच्या पानाकडे बघत बसायच्या आणि मग झाकलेलं पातेलं आमच्याकडे यायचं. काकांचं उतरलेलं वजन आमच्या घरी राहायला आलं. माझ्या नवऱ्याच्या पँटी त्याला होईनाशा झाल्या.

एका सकाळी काकू दारात आल्या. "वर्षा, जरा ये गो. ह्येंना चक्कर इली." काका पलंगावर घामाने भिजून बसले होते. उलटी झाली होती. काकूंना घरी थांबवून मी त्यांना रिक्षात घातलं आणि डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी तपासलं, विचारलं, "सकाळी काय खाल्लंत?"

"कॉफी."

"उपाशीपोटी? आणि काल रात्री?"

"काय नाय. दुपारी एक कॉफी, संध्याकाळी एक."

"काका, कॉफीला तशी बंदी नाही. पण या औषधाने पोट आधीच हळू रिकामं होतं. जेवण नाही, पाणी नाही, त्यात दिवसभर ही अशी घट्ट कॉफी, मग मळमळणारच. एवढी आवडते?"

काका खाली बघत म्हणाले, "वासपण सहन नाय होत मला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे.

"मग बंदच लिहून देते," बाई म्हणाल्या. "प्रश्न मिटला."

त्यांनी पेन उचललं आणि काकांनी हात वर केला. "नको. लिहू नका." इतके दिवस 'बंद' म्हणणारा शोधत फिरलेले काका आता बंदीच अडवत होते. "ती एवढी वर्षं माझ्यासाठी रांधत आली. आता मासे नको, भात नको, वडे नको. सगळ्याला नको म्हटलं मी. एक कॉफीच राहिलीय तिला माझ्यासाठी करायला. तीपण नको म्हटलं तर ती घरात करील काय?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे माझ्यापेक्षा त्यांना सांगा," एवढंच म्हणाल्या. थोडं थोडं, पातळ खायला सांगितलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं.

घरी आलो. काकांना खुर्चीत बसवलं, तोवर आतून काकूंचा आवाज आला, "कॉफी ठेवू?" गॅसचा लायटर वाजला. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघत राहिले.

"सुनंदा," ते म्हणाले, "नको गो. वास सोसना नाय आता."

गॅस बंद झाल्याचा आवाज आला. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"कधीपासना?"

"सुई सुरू झाली तेवापासना."

"मगे पित होतात कशाक?"

"तू करी होतंस म्हणान."

काकू वळून आत गेल्या. मला वाटलं, रडत असतील, म्हणून उठणार तेवढ्यात तांदळाचा डबा उघडल्याचा आवाज आला. मी दार ओढून घेतलं आणि घरी आले.

दोन-चार दिवसांनी काही विचारायला म्हणून सकाळी त्यांच्याकडे गेले. काका टेबलापाशी होते, समोर पेजेची लहानशी वाटी. त्यांच्यासमोर काकू, त्यांचीही तशीच वाटी. इतक्या वर्षांत मी काकूंना काकांबरोबर जेवायला बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या कायम वाढत असायच्या आणि मागून ओट्यापाशी उरलंसुरलं खायच्या.

"बस गो," काकू म्हणाल्या आणि फुंकर घालत सावकाश पेज पिऊ लागल्या.

काकांचं पोट केव्हाच भरलेलं दिसत होतं. तरी वाटीत चमचा ढवळत, काकूंचं संपायची वाट बघत ते बसून होते.