हाजिर हो

अगं रूपाली, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक.

आपली मोहिनी बदली होऊन वरणगावहून पारोळ्याला बँकेत गेली ना, सहा महिने झाले. काउंटरवरचं "इथे सही करा" सोडलं तर दिवसभर कुणाशी बोलणं नाही. मग तिला कळलं, तिथल्या जुन्या कोर्टाचं आता कलाकेंद्र झालंय. हिने लगेच तिथे स्वतःच्या गाण्याचा कार्यक्रम ठरवला. बाजाराच्या दिवशी, दुपारी चारला. बँकेतल्या सगळ्यांनी ग्रुपवर अंगठे पाठवले.

चार वाजले, साडेचार वाजले. एक माणूस नाही गं! समोर रिकामी बाकडी आणि ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभी. माइकची वायर तिथपर्यंतच पुरत होती.

"नाना, लावा कुलूप. जाते मी."

हे तोतारामनाना आता वॉचमन, पण आधी त्याच कोर्टाचे पट्टेवाले. तीस वर्षं नावं पुकारलेली. त्यांना बघवेना. "थांबा ताई, एक पुकारा करतो."

आणि दारात जाऊन ओरडले, "मोहिनी जीवराम चौधरी, हाऽऽजिर होऽऽ!" तीनदा!

अख्खा बाजार थबकला. लोकांना वाटलं, कोर्ट परत आलं आणि हिच्यावर केस!

"कोर्ट परत उनं का रे भो?"

"काय करं व्हई हाई पोरनी?"

पाच मिनिटांत पिशव्या, टोपल्या घेऊन चाळीस माणसं आत! मोहिनीला वाटलं, आपलेच श्रोते. तिने डोळे मिटून गायला घेतलं.

"जबानी गाईसन देतस का आते?"

"नवा कायदा शे. गप बठ."

गाणं संपलं. टाळी नाही, खोकला नाही. कोर्टात कोण टाळ्या वाजवणार? दुसरं गाणं, तेच. तिसऱ्याला ती रडायलाच लागली.

"कबूल झाली," मागून कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात भाजीवाल्या मंजुळाबाई उठल्या. न्यायाधीशांच्या रिकाम्या खुर्चीला हात जोडून म्हणाल्या, "सायेब, पोर एकटी शे. इना मागे कोणी दिसत नई. इले जामीन मी ऱ्हास."

आणि हात धरून तिला पिंजऱ्यातून काढलं, थेट घरी नेऊन जेवायला वाढलं!

आता दर रविवारी मोहिनी तिथे जेवते. मंजुळाबाई दरवेळी विचारतात, "केस काय म्हनस व माय?" आणि ही मान खाली घालून म्हणते, "चालू आहे, अक्का."

मी म्हटलं, सांगून टाक की. तर म्हणते, केस मिटली तर मग मी कुणाकडे जाऊ?

तू सांगितलं असतंस का गं?