नळवाल्याचं पक्कं झाकण

नळाच्या कामात आपला हात धरणारा कोणी नाही, असं नळवाल्याचं ठाम मत होतं. त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळ दोन वर्षं गळत होता, पण ते पडलं घरचं काम. घरच्या कामाला घाई नसते.

आज घाई वेगळीच होती. चार वाजता लेक नऊ महिन्यांच्या नातीला घेऊन येणार होती. फोनवर तिने बजावलं होतं, "बाबा, तुमच्या घरात सदा अ‍ॅसिडचा वास. ही रांगते, सापडेल ते तोंडात घालते. वास आला तर मी दारातूनच परत फिरेन."

नळवाल्याने नातीला एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा ती झोपली होती. त्याने दुपारी जेवण होताच अ‍ॅसिडच्या बाटल्या घराबाहेर काढल्या आणि जाहीर केलं, "यापुढे या घरात फक्त व्हिनेगर आणि खायचा सोडा!"

"ते आयत्या वेळी मिसळायचं असतं म्हणे," बायको म्हणाली.

"अगं, दर वेळी कुठे मिसळत बसतेस? एकदाच करून ठेवतो."

त्याने सरबताच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीत व्हिनेगर ओतलं, सोड्याची पुडी आत टाकली आणि चटकन झाकण लावलं. आतून फुसफुस ऐकू आली. दुसऱ्या कोणी झाकण काढलं असतं. पण फुसफुस ऐकली की आवळायचं, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. त्याने टेपचे सात वेढे दिले, वरून पाना फिरवला. फुसफुस थांबली. तो खुशीत दाढी करायला गेला.

एका गालाला साबण लागला असेल नसेल, तोच स्वयंपाकघरात धडाम!

छतावरून, डब्यांवरून, कपाटावरून पांढरं पाणी ओघळत होतं. घड्याळात तीन वाजून गेले होते.

"आता हो?" बायको म्हणाली.

"आता काय, पुसायचं."

दोघं फडकी घेऊन स्टुलांवर चढली. कपाटाच्या माथ्यावर लग्नापासून साचलेला थरसुद्धा त्या नादात निघाला.

चारला लेक आली. उंबऱ्यातच थांबून तिने वास घेतला. नळवाल्याचा जीव टांगणीला लागला.

"आंबूस येतंय काहीतरी," ती म्हणाली, "पण अ‍ॅसिड नाही." आणि तिने पोरीला खाली सोडलं.

पोर तुरुतुरु रांगत आली ती थेट आजोबांचा पायजमा धरून उभी राहिली. नळवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. गालावरचा साबण वाळून गेलाय, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

चहाच्या वेळी बायकोला ओट्यामागे बाटलीचा वरचा तुकडा सापडला. तळ फाटून गेला होता, झाकण मात्र जागच्या जागी होतं. नळवाल्याने ते अभिमानाने उजेडात धरलं.

"बाटली फुटली, पण माझा जोड? एक थेंब गळला नाही!"

आजोबांच्या कडेवरून नात मान वळवून नळाकडे बघत होती. टिप. टिप.

बायकोने पोरीला स्वतःकडे घेतलं आणि त्याच्या हातात पाना ठेवला.

"त्या नळाला आता बाटली समजा, आणि आवळा."